बारा डोक्यांची डावी बाजू

१

गुरुवारी सकाळी सव्वानऊला आमच्या डॉक्टर ताक मॅडमनी मला आत बोलावलं, टेबलावर बारा फोटो पत्त्यांसारखे मांडले आणि विचारलं, "गा-उल, तू रक्ताचं काय केलंस?"

आमचं क्लिनिक सिन्सा-दोंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली कॉफी, वर आणखी दोन क्लिनिकं, समोर चार. या गल्लीत चेहरे आणि केस दुरुस्त करणारे इतके आहेत की साधा सर्दीचा डॉक्टर शोधायचा तर बस पकडावी लागते. मी इथली नर्स. रुग्णाच्या दंडातून रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर आलेला पिवळा थर सिरिंजमध्ये भरून मॅडमच्या हातात द्यायचा, हे माझं काम. तोच थर त्या डोक्यात टोचतात. आपल्याच रक्तानं आपलेच केस जागे करायचे, असा सगळा मामला.

सहा महिन्यांपूर्वी मॅडमनी एक प्रयोग लावला होता. कंपन्यांचे लोक रोज नवी बाटली घेऊन यायचे आणि आमचीच बाटली भारी म्हणायचे. मॅडम वैतागल्या. विरळ केसांच्या बारा बायका निवडल्या. प्रत्येकीच्या डोक्याच्या डाव्या बाजूला तिचं स्वतःचं रक्त, उजव्या बाजूला कंपनीची बाटली. बाटलीत एक्सोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले बारीक कण. कुठल्या बाजूला काय, हे बायकांना सांगायचं नाही. तीन महिने उपचार, तीन महिने वाट बघायची, आणि जी बाजू जिंकेल ती क्लिनिकनं उचलायची.

फोटो वरून काढलेले होते. कपाळ वर, मान खाली, चेहरा कुठेच नाही. खाली फक्त आकडा छापलेला. उजवीकडे केस छान भरून आले होते आणि डावीकडे, माझ्या बाजूला, टाळू जशीच्या तशी चमकत होती. फक्त सात नंबरचं उलट होतं. तिची डावी बाजू दाट होती.

"सात नंबर अपवाद धरू," मॅडम म्हणाल्या. "बाकी अकरांचं काय? रक्त थोडं कमी पडलं असतं तर मी समजले असते. पण इतकं शून्य? हे रक्त कुणीतरी नासवलंय. यंत्र चुकीच्या वेगानं फिरवलंस, की काढून तासभर तसंच ठेवलंस?"

"मॅडम, मी घड्याळ लावून काम करते."

"मग हे काय आहे?"

मागे गिल सिलजांग उभी होती. सिलजांग म्हणजे सल्ल्याच्या टेबलाची मालकीण. आमच्याकडे डॉक्टर रुग्णाला तीन मिनिटं भेटतो आणि सिलजांग पाऊण तास. काय करून घ्यायचं, कितीदा करायचं, ते तीच गळी उतरवते. क्लिनिकात हिचा मान एवढा की काउंटर सोडून ती कधी कुणाला दारापर्यंतही सोडायला जात नाही. एक ती सात नंबरची प्यो आजी तेवढी वेगळी. तिला मात्र लिफ्टनं खाली नेऊन रस्त्यावर टॅक्सीत बसवून यायची. मला वाटायचं, आजी देखणी आहे, जाहिरातीत घ्यायचा विचार असेल.

"मॅडम, पोरगी दमलेली असते," सिलजांग हळू आवाजात म्हणाली. "मुद्दाम नसेल केलं."

असली दया दाखवण्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी.

मॅडमनी निकाल दिला. उद्या तीन वाजता कंपनीचे नामगुंग कराराचे कागद घेऊन येतील. यापुढे इथं फक्त बाटली. रक्ताचं यंत्र जाईल आणि त्याच्याबरोबर मी. पण जायच्या आधी मी माझी चूक स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायची, म्हणजे त्या बारा जणींना उत्तर देता येईल.

आमच्या गल्लीत असं पत्र लिहिलं की संपलं. संध्याकाळपर्यंत ती बातमी सात क्लिनिकांत पोचते, आणि मग 'रक्त नासवणारी' हेच तुझं नाव. आधीची क्लिनिकं धरून अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक नळी फुटली नव्हती. खापर फोडायला माझंच डोकं सापडलं.

"फोटोंच्या प्रती घेऊन जा, नीट बघ," मॅडम म्हणाल्या. "उद्या तीनपर्यंत."

२

माझी सख्खी मावशी, ग्वाक माल-सून, आह्यॉनच्या चढावरच्या जुन्या न्हाणीघरात बायकांची अंगं घासून देते. एकतीस वर्षं. हातात ती पिवळी खरखरीत पिशवी घालून ती माणसाला कणसासारखं सोलते आणि वर म्हणते, बघ किती मळ होता, आणि म्हणे मी रोज अंघोळ करते. डॉक्टरांनी तपासलेल्या कातडीपेक्षा तिनं तपासलेली कातडी जास्त भरेल. आमच्या बारा बायकांतल्या चौघी तिनंच पाठवल्या होत्या.

मी दुपारी पोचले तेव्हा ती काळा पोशाख घालून, गुडघ्यापर्यंत ओली, एका बाईची पाठ घासत होती. माझं तोंड बघून तिनं बाईला थापटी मारली. "ऊठ, गरम पाण्यात बस दहा मिनिटं. भाचीचं काहीतरी बिनसलंय."

बाहेरच्या खोलीत लाकडी फळीवर आम्ही बसलो. तिनं माझ्यापुढे तांदळाच्या गोड पेयाचा गार ग्लास ठेवला. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"रडणं झालं?" ती म्हणाली. "आता दाखव ते फोटो. हात पुसू दे मला."

मी फोटो फळीवर मांडले. मावशीनं एक उचलला, दुसरा उचलला. मग उजव्या हाताची बोटं हवेत गोल गोल फिरवू लागली, समोर डोकं असल्यासारखी. थांबली. बोटं उलट्या दिशेनं फिरवून पाहिली.

"गा-उल, मी शॅम्पू कसा लावते?"

"मावशी, माझी नोकरी चाललीय."

"विचारते त्याचं उत्तर दे. भोवऱ्याच्या वाटेनं बोटं फिरवावी लागतात, नाहीतर गुंता होतो. टाळूवरचा भोवरा बहुतेकींचा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. शंभरात पाच-सात जणी उलट्या निघतात. उलटी आली की माझं मनगट दुखतं, म्हणून मला पाठ आहेत. आणि इथं बघ." ती एकेक फोटो बोटानं ढकलत गेली. "उलटा, उलटा, उलटा, ही पण उलटी. दहा जणी उलट्या. एवढ्या उलट्या बायका तुझ्या मॅडमना सापडल्या कुठं?"

मी डोळे पुसून पाहिलं. खरंच, सगळे भोवरे डावीकडे वळलेले.

"असेल योगायोग."

"योगायोग आत वाफेत बसलाय, त्यालाच विचारू." तिनं तीन नंबरचा फोटो उचलला. या डोक्यावर दोन भोवरे होते. "दोन भोवरे आणि दोन लग्नं. ही आमची बो-ह्वा, मासळीवाली. न्हाणीघरातल्या सगळ्याजणी तिला चिडवतात, आणि तिनं खरंच दोनदा लग्न केलं."

बो-ह्वाबाई वाफेतून बाहेर आल्या त्या लाल होऊन, कपाळावर घाम. मावशीनं त्यांना खाली बसवलं आणि टाळूवर बोट ठेवलं. "मोठा भोवरा उजवीकडे, धाकटा डावीकडे. फोटोत बघ."

फोटोत मोठा डावीकडे होता.

"आणि केस?" मी विचारलं.

मावशीनं दोन्ही हातांची बोटं बो-ह्वाबाईंच्या केसांत घातली, डावीकडे आणि उजवीकडे, आणि माझे हात धरून तिथं ठेवले. डावीकडे बोटं अडत होती. उजवीकडे थेट टाळूला लागत होती.

"डावी बाजू दाट झालीय हे मला कधीचं माहीत आहे," बो-ह्वाबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी खुर्चीत बसवलं, फोटो काढला आणि म्हणाले या आता."

मला हसावं की रडावं कळेना. सहा महिने आम्ही बारा डोक्यांचा अभ्यास केला आणि एकालाही हात लावून पाहिला नाही. शेवटचे फोटो काढले तेव्हा मॅडम बुसानला परिषदेत होत्या. आमच्या गल्लीत आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो हाच देव. समोर माणूस बसलेला असला तरी आम्ही पडद्यावरच बघतो.

"कुणीतरी फोटो आरशातल्यासारखे फिरवलेत," मी म्हणाले. "डाव्याचं उजवं केलंय. मावशी, मी आत्ता मॅडमना फोन करते."

"आणि काय सांगशील? त्या म्हणतील, तूच फिरवलेस, स्वतःला वाचवायला. कुणी केलं ते हातात आल्याशिवाय तोंड उघडू नकोस." ती सातव्या फोटोकडे बघत होती. तिथं भोवरा काट्यासारखा सरळ फिरत होता. डाव्या कानाच्या वर भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग. "अकरा फिरवले. मग हे एकच डोकं का सोडलं?"

"डाग आहे म्हणून असेल. डाग फिरला की कुणीतरी ओळखेल."

मावशीनं दहा नंबरचा फोटो माझ्या नाकाखाली धरला. तिथं टाक्यांची मोठी खूण होती, डाव्या कानामागे. "ही पण माझीच बाई. सायकलवरून पडली होती. टाके उजव्या कानामागे आहेत, मी रोज चुकवून घासते. हा डाग बिनदिक्कत फिरवला. म्हणजे भीती डागाची नव्हती."

"मग कशाची?"

"या डोक्याची," मावशी म्हणाली. "उद्या मला तुमच्या क्लिनिकात केस दाखवायचेत. मला ओळख देऊ नकोस."

३

शुक्रवारी अकरा वाजता ती जांभळं, कापूस भरलेलं जाकीट घालून आली. बारीक कुरळे केस, हातात भाजीची पिशवी. मी ओळख दिली नाही.

मोक इन-चोल, आमचे फोटोवाले, कॉफीच्या यंत्रापाशी उभे होते. पन्नाशीचे. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचे, अजूनही टकलाला 'जरा हसा' म्हणतात. मावशी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"माझं डोकं फोटोत चांगलं येईल का हो?"

"कुणाचंही येतं, काकू. फक्त हलू नका. सात नंबरची ती आजी होती, दर वेळी दिव्यावरून भांडायची. डोळ्यात येतोय, डोळ्यात येतोय. कोण कुठली, पण मला धारेवर धरायची."

"फोटो माझाच आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

"खांद्यावर आकड्याची पाटी ठेवतो ना. प्रत्येक फोटोत असते. काढून झालं की कॅमेऱ्यातलं कार्ड सिलजांगकडे द्यायचं, ती फोटो उतरवून, छापून तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवते आणि कार्ड माझ्यादेखत पुसते. आठ महिने झाले मला इथं, नियम म्हणजे नियम."

मी ट्रे घेऊन उभी होते. आमच्या हातातल्या फोटोंत पाटी नव्हती. कडा कापलेल्या होत्या. अर्थात. फोटो फिरवला की पाटीवरचा आकडाही फिरला असता.

बाकावर कंपनीचे नामगुंग बसले होते, वेळ तीनची होती तरी सकाळपासूनच. सूट असा की बसताना मोडू नये म्हणून ते अर्धेच बसतात. शेजारी संत्र्यांची पेटी. मावशीनं न विचारता एक संत्रं उचललं.

"बाटली तुमचीच ना? गुण येतो म्हणे."

"बारापैकी अकरा, काकू," ते खूष होऊन म्हणाले. "त्या सात नंबरनं घात केला बघा. मी सकाळपासून मागं लागलोय, ती जी कोण आहे तिला वगळा. बारापैकी बारा म्हणता आलं असतं तर जाहिरात काय झाली असती."

"कोण आहे ती?"

"मला काय माहीत? मला फक्त आकडे दाखवतात. चार महिन्यांपूर्वी तर हा भाग माझ्याकडे आला."

मग सिलजांगनं मावशीला आत नेलं. कातडीचं यंत्र धरायला मलाही बोलावलं.

"काकू, केस की चेहरा?"

"दोन्ही. एकावर एक आहे का काही?"

सिलजांग गोड हसली आणि तीन माहितीपत्रकं पसरली. "चेहऱ्याला सॅमन माशाचा अर्क. सुरकुत्या भरतात. दोन दिवस चेहऱ्यावर बारीक गाठी दिसतील, मग कातडी काचेसारखी. केसांना दोन मार्ग होते. एक रक्ताचा, पण तो आम्ही आजपासून बंद करतोय. तुमचं वय त्रेसष्ट, म्हणजे तुमच्या रक्ताचंही त्रेसष्ट. म्हातारं रक्त घालून तरणे केस यायचे कसे?"

"माझं रक्त अजून उकळतं, बाई."

"म्हणून बाटली. पेशी एकमेकींना चिठ्ठ्या पाठवतात ना, त्या चिठ्ठ्या बाटलीत भरलेल्या."

"तोंडात मासा, डोक्यात दुसऱ्याच्या चिठ्ठ्या. माझं स्वतःचं काहीच नको का?" मावशी खुर्चीत मागं रेलली. "तू बाकी हुशार आहेस. किती वर्षं इथं?"

"नऊ. मॅडमनी क्लिनिक काढलं तेव्हापासून मीच. बाकीचे सगळे गेल्या वर्षभरातले." मला ते सुनावून ती पुढे म्हणाली, "ही सुद्धा. मॅडम मला घरच्यासारखं धरतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले ना, अंत्यविधीचे तीन दिवस मी तिथून हलले नाही. आल्या-गेल्याला सूप वाढलं, भांडी उचलली. पोटची लेक करणार नाही इतकं केलं."

"केलंच पाहिजे. माणुसकी असते," मावशी म्हणाली आणि उठली. "विचार करून येते मी. तीन वाजता."

लिफ्टपाशी मी तिला गाठलं. "कळलं काही?"

"सगळं. तुझ्या मॅडमचं वय किती? पंचेचाळीस? म्हणजे लहानपणी तिनंही ते केलेलं असणार." ती लिफ्टमध्ये शिरली. "न्हाणीघरातून चार टॉवेल आणायचेत. तू तीनला आत राहा आणि ते पत्र लिहू नकोस."

दार बंद झालं. मॅडमनी काय केलेलं असणार, ते मला तीन वाजेपर्यंत कळलं नाही.

४

तीन वाजता मॅडमच्या खोलीत नामगुंग कराराचे कागद सरळ करत होते. सिलजांग पेनाचं टोपण काढून उभी. मोक दिवा लावत होते, सहीचा फोटो हवा होता म्हणून. माझ्या हातात कोरा कागद.

"गा-उल, पत्र?" मॅडम म्हणाल्या.

दार उघडलं. पुढे मावशी, आणि मागे चार बायका, गाल लाल, केसांतून वाफ निघत असलेल्या, डोक्याला न्हाणीघराचे टॉवेल मेंढीच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंनी गुंडाळलेले. सगळं क्लिनिक बघायला दारापाशी जमलं.

"या कोण? वेळ ठरवून या," सिलजांग पुढे झाली.

"तीन, पाच, आठ आणि दहा नंबर," मावशी म्हणाली. "आणि मी या पोरीची मावशी. डॉक्टरीणबाई, सही करा खुशाल. फक्त आधी हात धुऊन या चौघींच्या डोक्यात घाला. फोटोत घालू नका, डोक्यात घाला."

मॅडम रागावल्या होत्या, पण त्या डॉक्टर आहेत. हातमोजे न घालताच त्या बो-ह्वाबाईंच्या मागे गेल्या. टॉवेल सुटला. बोटं डावीकडे गेली आणि थांबली. मग उजवीकडे. मग दुसरं डोकं, तिसरं, चौथं. मॅडमनी टेबलावरचे फोटो उचलले, दहा नंबरच्या टाक्यांवर बोट ठेवलं आणि ते खरे टाके शोधले. दुसऱ्याच कानामागे सापडले.

"उलट आहेत," त्या म्हणाल्या. "फोटो उलट आहेत. डावी बाजू जिंकलीय. गा-उलची बाजू."

एवढ्या एका वाक्यासाठी मी रात्रभर जागी होते.

"यंत्रात बिघाड झाला असेल," सिलजांग म्हणाली. "मोकजींच्या कॅमेऱ्यात."

"कॅमेरा उलटा असता तर बाराही उलटे आले असते," मावशी म्हणाली. "सातवा सरळ आहे. भोवरा बघा. कुणीतरी हातानं अकरा फिरवले आणि विचार करून एक ठेवला. तो फिरवला असता तर या खोलीतल्या एका माणसानं ओळखला असता. कॅमेऱ्यापुढे चेहरा नसतानाही. डॉक्टरीणबाई, लहानपणी तुम्ही आईचं डोकं मांडीवर घेऊन पांढरे केस उपटलेत की नाही?"

आमच्या देशात कुणी उपटले नाहीत? रविवारची दुपार, आईचं डोकं मांडीवर, एका केसाला एक नाणं. आईच्या टाळूवरचा तीळ न् तीळ प्रत्येकाला तोंडपाठ असतो.

मॅडम खुर्चीत बसल्या. "सात नंबर माझी आई आहे."

मी हादरले. प्यो आजी. आमच्याकडे लग्नानंतरही बाई माहेरचंच नाव लावते आणि मुलं बापाचं, त्यामुळे नावावरून कुणाला कळणार?

"कुणाला सांगितलं होतंत?" मावशीनं विचारलं.

"कुणालाच नाही. तिलाच तसं हवं होतं. म्हणाली, मला रांगेत बसू दे, नाहीतर तुझे लोक माझीच सरबराई करतील. तो डाग शेगडीचा आहे, मी चार वर्षांची असतानाचा. मी तो उजवीकडे पाहिला असता तर..."

"तर लगेच कळलं असतं. म्हणून तो सोडला. आता बघा, ते डोकं कुणाचं हे कुणाला माहीत होतं? नामगुंगना माहीत असतं तर सात नंबर वगळा म्हणून मागं लागले नसते. मालकिणीच्या आईला वगळा म्हणायला छाती लागते. मोकजी तिला कोण कुठली म्हणतात, आणि दिव्यावरून भांडलेत. माझ्या भाचीला वाटायचं, आजीला जाहिरातीत घेणार. शिवाय फोटो फिरवून तिचंच नुकसान झालं. हे तिघंही इथं वर्षाच्या आतले. राहिलं ते एकच माणूस, ज्यानं तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीत तीन दिवस तिथं राहून सूप वाढलं आणि तुमच्या आईचा चेहरा पाहिला."

सगळ्यांच्या माना सिलजांगकडे वळल्या.

"मी त्यांना ओळखलंच नव्हतं," ती म्हणाली. "इतक्या बायका येतात."

आता माझी पाळी होती. "मग टॅक्सीपर्यंत सोडायला का जायचीस? नऊ वर्षांत काउंटरच्या बाहेर पाय टाकला नाहीस तू."

मॅडमनी हात पुढे केला. "ड्रॉवरची किल्ली."

किल्ली बराच वेळ तिच्या मुठीत राहिली, मग टेबलावर आली. मोकनी ड्रॉवर उघडला. मूळ फोटो तिथंच होते, कडेला आकड्यांच्या पाट्यांसकट, आणि त्यांच्याखाली नामगुंगच्या कंपनीचं एक पत्र. कंपनी गांगनाम स्टेशनपाशी स्वतःचं मोठं क्लिनिक उघडणार होती आणि हा करार झाला की तिथली मुख्य म्हणून गिल जोंग-आ, म्हणजे आमची सिलजांग.

"पत्र वरच्यांनी दिलंय, फोटोंचं मला खरंच माहीत नव्हतं," नामगुंग म्हणाले. ते पहिल्यांदाच पूर्ण बसले होते, त्यामुळे सूट मोडला होता.

"नऊ वर्षं मी बोलले म्हणून हे क्लिनिक चाललं," सिलजांग म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "दारावर नाव तुमचं. माझं नाव कुठं आहे?"

"मागितलं असतंस तर लावलं असतं," मॅडम म्हणाल्या. "तू या पोरीचं नाव पुसायला निघालीस. जा आता."

ती गेली. तिच्या मागोमाग संत्र्यांची पेटी विसरून नामगुंगही गेले, आणि करार कोराच राहिला.

मग मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. पूर्ण. मालकीण नर्सपुढे अशी वाकलेली आमच्या गल्लीत कुणी पाहिली नसेल. "मी तीन महिने ही डोकी टोचली," त्या वाकूनच म्हणाल्या, "आणि फोटोवरून तुला दोषी ठरवलं. माझं चुकलं, गा-उल."

मला रडू फुटलं, आणि ते कालच्यासारखं अजिबात नव्हतं.

"बारा डोक्यांवरून बाटली कुचकामी असं मी म्हणणार नाही," सरळ होऊन मॅडम बायकांना म्हणाल्या. "दुसऱ्या बारा डोक्यांत निराळं दिसू शकतं. पण इथं रक्त जिंकलं, तसंच लिहिलं जाईल, आणि रक्त कुणी तयार केलं तेही. यापुढे येणाऱ्या बाईला दोन्ही गोष्टी खऱ्या खऱ्या सांगायच्या. निवड तिची."

"माझी निवड झाली," बो-ह्वाबाई म्हणाल्या. "अर्धं डोकं दाट आणि अर्धं विरळ घेऊन मी बाजारात किती दिवस बसू? उजव्या बाजूलाही माझंच रक्त घाला. आजच."

"आणि माझंही," दहा नंबर म्हणाली. बाकीच्या दोघी बाह्या वर करू लागल्या होत्या.

"सुई मात्र हिनंच लावायची," बो-ह्वाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "दुसऱ्या कुणाला मी हात देणार नाही."

मावशी कोपऱ्यात संत्रं सोलत बसली होती. मी हात धुतले, नळ्या मांडल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं. दंडाला बांधायचा पट्टा शोधू लागले, तर तो मॅडमच्या हातात होता. त्या बो-ह्वाबाईंच्या शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पट्टा मी बांधते. तू सुई घे."

पहिल्याच टोचणीत शीर मिळाली.